रहेमानचाचांनी कापलेला समास

घाटंजीत पुस्तकाची कड कापावी तर रहेमानचाचांनीच, हे कोणीही सांगेल. माणूस तसा साधा, कोणाच्या अध्यात ना मध्यात. पण त्यांनी कापलेल्या कडेला कोणी नाव ठेवलं की संपलंच. "नख फिरवून पाहा," म्हणायचे. "अटकलं तं पुस्तक घरी नेऊ नका." आणि गिऱ्हाईक नको नको म्हणत असलं तरी त्याचं बोट धरून कडेवरून फिरवायचे. नख कधी अडकलं नाही. स्वतःच्या हाताची लाज वाटावी असं निदान गेल्या उन्हाळ्यापर्यंत तरी त्यांच्याकडून काही घडलं नव्हतं.

बाजाराच्या गल्लीत त्यांची एवढीशी खोली. आत चाकाचा लोखंडी कटर, तो त्यांच्या वडिलांच्या वेळचा. बाजूला खळीचं पातेलं, सुया, दोरा, पुठ्ठ्यांची चळत. शाळांची रजिस्टरं, वकिलांची जाडजूड पुस्तकं, कोणाची पोथी, कोणाच्या कुराणाची जिल्द, सगळं त्यांच्या हाताखालून जायचं. आणि गंमत ऐका. ज्या माणसाच्या हातून गावातला झाडून सगळा छापील कागद गेला, त्यानं त्यातली दोन पानं धड वाचली नव्हती. वाचता येत नव्हतं असं नाही, सातवी पास होते. पण वडिलांनी कामाच्या पहिल्याच दिवशी बजावलं होतं की बांधणाऱ्यानं वाचू नये, वाचत बसला की हात थांबतो. चाचांनी ते असं काही मनावर घेतलं की कोणी विचारावं, "चाचा, या पुस्तकात काय हाय?" तर म्हणायचे, "कागद चांगला हाय."

घरी सईदाचाचींचं सगळं उलट. दुकानातली कातरणं पिशवीत भरून घरी यायची. चाची ती भिजवायच्या, कुटायच्या, मेथीचं पीठ मिसळून घमेल्यावर थापायच्या आणि टोपल्या करायच्या. बरं, नुसती टोपली करून हात धुवायचा स्वभाव नाही. कुठं काठाला वेल, कुठं चिमण्या, एका टोपलीवर तर चक्क यवतमाळची एसटी काढलेली, खिडकीत बसलेल्या माणसांसकट. मोहल्ल्यातल्या प्रत्येक घरात चाचींची एक तरी टोपली होती. चाचा त्या सगळ्या कारभाराला "तेरा कीचड" म्हणायचे, आणि चाची त्याचं उत्तर द्यायच्या नाहीत.

चौकातल्या वाचनालयाची फाटकी पुस्तकं दर उन्हाळ्यात चाचांकडे यायची. ग्रंथपाल प्रेरणा गठ्ठा बांधून ऑटोत ठेवून द्यायची. गेल्या उन्हाळ्याच्या गठ्ठ्यात एक पुस्तक होतं. त्याची हकिकत आधी सांगायला हवी, नाहीतर पुढचं दुखणं कळायचं नाही.

पुस्तक पुण्याकडच्या कोणा बाईंनी लिहिलेलं. विषय असा की रोजच्या घरसंसारात मुलांची कल्पकता कशी जपावी, कशी फुलवावी. बाईंना कळकळ होती, यात वाद नाही. पण त्यांचं घर वेगळं आणि आपलं वेगळं. मुलाला घरात त्याचा एक कोपरा द्या, म्हणाल्या. रविवारी संग्रहालयात न्या, म्हणाल्या. संध्याकाळी घरातल्या सगळ्यांनी मिळून अर्धा तास संगीत ऐका, म्हणाल्या. छापणाऱ्यानं समास मात्र ऐसपैस सोडला होता, आणि तिथंच सगळा घोळ झाला. कोणा एका आईला संग्रहालयाचं वाचून राग आला. तिनं त्या ओळीशेजारी पेन्सिलीनं लिहिलं, "संग्रहालय जवळ नाही. आठवडी बाजारात नेलं. पोरानं घरी येऊन सगळ्या भाजीवाल्यांच्या नकला केल्या. दोन दिवस हसून राह्यलो." पुढच्या वाचकानं ते वाचलं आणि त्याचाही हात शिवशिवला. तांड्यावरच्या भीमसिंगनं संगीताच्या शेजारी लिहिलं की पोरीला बंजाऱ्यांच्या गोरबोलीत गाणं बनव म्हटलं तर तिनं बापाच्या घोरण्यावर बनवलं, आता पुरा तांडा म्हणते. एकीनं लिहिलं, शेंगा फोडायला बसलं की प्रत्येकानं गोष्टीला एकेक वाक्य जोडायचं. शेंगा संपल्या, गोष्ट संपली नाही.

वाचनालयाचा नियम कडक. अध्यक्ष विठ्ठलराव निवृत्त मास्तर. पुस्तकात नुसती रेघ दिसली तरी वाचकाचं कार्ड अडकवून ठेवायचे. समासातलं लिखाण प्रेरणाला पहिल्यांदा दिसलं तेव्हा तीही चिडली, खोडरबर घेऊन बसली. पण खोडायच्या आधी वाचलं, आणि खोडरबर ड्रॉवरमध्ये गेलं. त्यामागोमाग पुस्तकही ड्रॉवरमध्ये गेलं, म्हणजे अध्यक्षांची नजर नको. मागेल त्याला ती तिथून काढून द्यायची आणि पेन नको, पेन्सिल चालेल, एवढं हळूच सांगायची. पाच-सहा वर्षांत समास भरत आले, शिवण उसवली, पानं सुटली, कडा काळ्या पडल्या. पुस्तक बायंडिंगला निघालं. कडा कापू नका, हे काही प्रेरणानं सांगितलं नाही. तिला तरी कुठं ठाऊक होतं की बायंडिंग म्हटलं की कटिंग आलंच.

चाचांनी काय केलं, तर चाळीस वर्षं जे करत आले तेच. पानं जुळवली, नवी शिवण घातली, आणि कड फारच कळकट दिसली म्हणून चांगलं बोटभर आत घेऊन कटरचं चाक फिरवलं. समासात काय आहे ते पाहिलं नाही. कातरणं पिशवीत गेली.

पुस्तक परत आलं ते लाल रेक्झिनमध्ये, लग्नाला निघाल्यासारखं. चाचा स्वतः घेऊन आले होते. प्रेरणानं हौसेनं उघडलं आणि खुर्चीत बसून पानं उलटतच राहिली. प्रत्येक ओळीचं निम्मं गेलेलं. "संग्रहालय जव." "पोरीले गोरबो." चाचा आपले समोर उभे, ताई आता नख फिरवून पाहतील म्हणून.

"चाचा, हे काय केलं तुम्ही?"

"काहून? वाकडं गेलं का?"

"वाकडं नाही गेलं हो. सरळच गेलं." तिचे डोळे भरून आले होते. मग तिनं त्यांना खुर्ची दिली आणि सगळं सांगितलं. सांगता सांगता सत्तेचाळीसावं पान उघडलं. "बाकीचे लोक परत लिहून देतील, चाचा. पण हे पाहा. मुलाला कोपरा द्या, असं बाईंनी लिहिलं, त्याच्या बाजूला एका आईनं लिहिलं होतं. ती दोन वर्षांआधी वारली. तिची पोरगी हाय समीक्षा, सहावीची परीक्षा दिली आत्ता. दर शनिवारी शाळा सुटली की येते, मले पुस्तक मागते, हेच पान काढते, वाचते आन जाते. आता सुट्टीत मामाकडं गेली, बोरी अरब गावाले. शाळा उघडली की येईन. मी तिले काय दाखवू?"

"काय लिवलं होतं?"

"भिंतीचं काहीतरी होतं. मले शब्द आठवत नाहीत." मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवायचं एवढ्या वर्षांत कोणालाच सुचलं नव्हतं.

चाचा तसेच घरी गेले. एवढ्या उन्हात डोक्याला दुपट्टा बांधायचंही भान राहिलं नाही. पण चाचींनी ती पिशवी दोन दिवसांआधीच भिजत घातलेली. घमेल्यात नुसता लगदा. चाचा त्यात दोन्ही हात घालून चिवडत बसले, एखादी तरी पट्टी सापडेल म्हणून. चाचींनी विचारलं, काय हरवलं? चाचांनी सांगितलं. चाची म्हणाल्या, "चालीस साल में एक बार पढ़ लेते तो क्या बिगड़ जाता जी?"

ते त्यांना झोंबलं, कारण खरं होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दुकानाचं शटर अर्धं ओढून चाचांनी प्रेरणाकडून परत आणलेलं ते पुस्तक पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. बाईंचं छापील वाचायचे, शेजारी उरलेले अर्धेमुर्धे शब्द वाचायचे, आणि पुढं काय असेल ते मनाशी जुळवायचे. वडील म्हणाले होते तसंच झालं. हात थांबले. तीन दिवस गिऱ्हाइकांची रजिस्टरं तशीच पडून राहिली. चौथ्या दिवशी मात्र ते उठले आणि चांगल्या जाड कागदाच्या पट्ट्या कापल्या. जेवढा समास कापला होता तेवढ्याच रुंदीच्या, वर खळ लावायला थोडी जागा जास्त. प्रत्येक पट्टीवर पानाचा आकडा घातला. कापलेल्या पानाला पट्टी जोडून पान पहिल्यासारखं करायचं, हे त्यांच्या हातचं काम होतं. पट्टीवर काय यायचं ते मात्र ज्याचं त्यानं लिहायचं. प्रेरणानं रजिस्टर पाहून कोणी कोणी पुस्तक नेलं होतं ती नावं काढून दिली.

मग मे महिन्याच्या उन्हात चाचा सायकल घेऊन दारोदार फिरले. प्रत्येक दारात आधी कबुली द्यायची की तुमचं लिखाण माझ्या हातून कापलं गेलं, आणि मग पट्टी पुढं करायची. एकदोघं तडकले. बाकीचे हसले, आणि चाचांना घरात बसवून घेतलं. बाजारवाल्या आईचं पोरगं आता मोठं झालेलं. तिनं आधीचं लिहिलंच, वर जोडलं की पोरगं आता शाळेच्या नाटकात असते आन घरात त्याच्या समोर बोलाची सोय नाही. भीमसिंगनं पोरीला हाक मारून ते घोरण्याचं गाणं चाचांना ऐकवलं. भीमसिंग स्वतः तोंड पाडून बसला होता आणि चाचा इतके हसले की बशीतला चहा पायजम्यावर सांडला.

तिथंच भीमसिंगच्या बायकोनं सहज विचारलं, "चाचा, तुमच्या घरी काय काय करता?" चाचांनी बशी खाली ठेवली आणि सायकल काढली. त्या संध्याकाळी घरी आल्यावर ते चाचींजवळ पाट घेऊन बसले आणि त्या एसटीच्या खिडकीत कोण कोण बसलं आहे ते विचारलं. चाचींनी आधी त्यांना ताप तर नाही ना ते पाहिलं. मग एकेक करून सगळी माणसं सांगितली. तिसऱ्या खिडकीत चाचा होते, लग्नानंतर पहिल्यांदा सासरवाडीला निघालेले, केसांना तेल चोपडून.

आणि एक पान होतं, त्यावर मोत्यासारख्या अक्षरात, तेही शाईच्या पेनानं लिहिलेलं. नाव नव्हतं. प्रेरणानं रजिस्टरातल्या, पुस्तक ड्रॉवरमध्ये जायच्या आधीच्या नोंदी पाहिल्या, पुन्हा पाहिल्या, आणि चाचांकडे बघून तोंडाला पदर लावला. चाचा पट्टी घेऊन विठ्ठलरावांच्या घरी गेले. अध्यक्षांनी पट्टीकडे पाहिलं, आतल्या खोलीकडे पाहिलं, उठून दार लोटलं. "नातू माझ्या जुन्या खडूच्या डब्यांचे आगगाडीचे डबे करतो, त्याबद्दल दोन शब्द लिहिले होते," म्हणाले. "नियम नियमाच्या जागी." मग पेन काढलं आणि दोन नाही, चांगले तीस-चाळीस शब्द लिहिले. चाचांनी बाहेर येईपर्यंत हसू दाबून धरलं. त्या दिवसापासून पुस्तक ड्रॉवरमध्ये लपवायचं कारण उरलं नाही.

जून संपत आला तोवर सगळ्या पट्ट्या जोडून झाल्या होत्या. एक सत्तेचाळीसावं पान सोडून. तिथं पट्टीही जोडलेली नव्हती. चाचांचं जेवणावरून मन उडालं होतं. प्रेरणा म्हणाली, "समीक्षा आली गावात. मी सांगते तिले समजावून." चाचा म्हणाले, "कापलं म्या. सांगीन बी मीच."

समीक्षाचे वडील कपिल शेतकरी माणूस. घर गावाच्या टोकाला, दोन खोल्या आणि पुढं ओसरी. कपाशीची पेरणी आटोपून तो नुकताच वावरातून आला होता. चाचांना पाहून त्यानं खाट टाकली, पोरीला चहा ठेवायला सांगू लागला. चाचांनी थांबवलं. "आधी मी बोलतो, बाबू. मंग तुले वाटलं तं पाज." आणि ते कपिलशी बोललेच नाहीत, पोरीकडे वळले. बारा वर्षांची, उंच झालेली, फारच शहाण्यासारखी उभी राहणारी पोरगी. चाचांनी पुस्तक पुढं केलं. "पोरी, तुह्या आईनं यात लिवलं होतं. म्या न पाहता कापून टाकलं. माह्या हातून लय वाईट झालं."

"आमच्या हिनं?" कपिल मध्येच बोलला. "हिनं पुस्तकात काय लिवलं होतं?" त्याला यातलं काही ठाऊकच नव्हतं.

समीक्षानं पुस्तक घेतलं. सत्तेचाळीसावं पान तिच्या हाताला आपोआप लागलं. कापलेली कड दिसली तशी तिनं खालचा ओठ दातात धरला. चाचांना वाटलं, आता ही रडेल, आणि आपणही रडू. पण तिनं पहिल्या ओळीवर बोट ठेवलं आणि वाचू लागली. कागद संपला तिथं बोट थांबलं नाही. ते पुढं सरकत राहिलं, आणि नसलेले शब्द ती असल्यासारखे वाचत गेली.

"आमच्या घरी कोपरा नाही. दोन खोल्यांत कोपरा कुठून आणू? म्हणून समीक्षाले दारामागची भिंत दिली. तिथं तिनं काहीबी काढावं. त्यावरून तिच्यावर कोणी रागवायचं नाही. मीबी नाही आन तिच्या बाबानंबी नाही. समीक्षाची आई."

एकही शब्द अडखळला नाही. ऐकून चाचांच्या जिवात जीव आला. शब्द गेले नव्हते. पण कपिलचं तोंड उतरलं होतं. तो दाराकडे बघत होता. दारामागं गव्हाची मोठी पत्र्याची कोठी भिंतीला चिकटून उभी होती.

"तिच्या तेरवीले पाहुणे आलते," तो चाचांना म्हणाला. "कोणीतरी बोललं, पोरीनं भिंत पुरी घाण करून टाकली. माह्या डोक्यात राख गेली. मी हिले..."

"मारलं नाही बाबानं," समीक्षा घाईनं म्हणाली. "नुसते रागावले. मंग कोठी लावली तिथं."

"तू सांगितलं काहून नाही वो बाई, आईनं दिली म्हणून?"

"तुम्ही तवा रडून राह्यले होते."

दर शनिवारी ही पोरगी वाचनालयात कशाला जात होती ते तिथं बसलेल्या दोघांही माणसांना तेव्हा कळलं. भिंत आईनं खरंच दिली होती, आपण काही वाईट केलं नव्हतं, एवढंच ती जाऊन पाहून येत होती. दोन वर्षं. आणि घरी तिनं चित्र काढायला पेन्सिल हातात धरली नव्हती.

कपिल उठला आणि कोठीला खांदा लावला. गव्हानं भरलेली कोठी एकट्यानं कसली हलते. चाचांनीही खांदा लावला. दोघं ढकलत असताना समीक्षा बाजूला उभी होती, पुस्तक छातीशी धरून. कोठी सरकली. मागं भिंतभर बैल होते, मोटारसायकल होती, विहीर होती, चष्मा लावलेला सूर्य होता, आणि दोन वेण्यांची एक बाई सगळ्या चित्रांत कुठं ना कुठं होतीच. कुठं भाकरी थापताना, कुठं बैलावर बसलेली. कपिल त्या बाईकडे पाहत राहिला. मग त्यानं तोंड पुसलं आणि चाचांपुढं हात केला. "द्या ती पट्टी."

"समीक्षाले लिवू दे ना," चाचा म्हणाले.

"नाही. ती सांगन, मी लिवतो."

समीक्षा एकेक वाक्य सांगत गेली आणि कपिल जमिनीवर मांडी घालून, पट्टी पुस्तकावर ठेवून लिहीत गेला. अक्षर मोठं मोठं, शाळा सुटल्यावर न लिहिलेल्या माणसाचं. "तिच्या बाबानंबी नाही" इथं त्याला बराच वेळ लागला. चाचा दुसरीकडे पाहत बसले. "समीक्षाची आई" लिहून झालं तरी पट्टीवर खाली जागा उरली होती. समीक्षा सांगायची थांबली होती. कपिल थांबला नाही. त्यानं लिहिलं, "मी रागावलो होतो. माझं चुकलं. भिंत समीक्षाचीच आहे. समीक्षाचे बाबा."

पट्टी त्यानं पोरीच्या हातात दिली. तिनं ती दोनदा वाचली, दुसऱ्यांदा ओठ न हलवता, आणि बापाच्या पाठीला टेकून बसली.

चाचांना राहवलं नाही. ते म्हणाले, "बाबू, हे पुस्तक वाचनालयाचं हाय. घरोघरी जाते. पुरं गाव वाचणार हे."

"वाचू द्या," कपिल म्हणाला. "तिनं लिवलं तवा गाव वाचणारच, हे तिलेबी ठाऊक होतं."